जळालेल्या पुंजण्याची भरपाई

नोव्हेंबर उतरणीला लागला की तिरोडा तालुक्यातल्या बांध्या रिकाम्या होऊ लागतात. कापलेल्या धानाच्या कडपा उन्हात वाळतात, मग भारे बांधून पुंजणे रचले जाते. चुरणीसाठी, म्हणजे मळणीसाठी, मशीन मिळेपर्यंत, मजुरांची जुळवाजुळव होईपर्यंत ते शेतातच उभे राहते. आठ दिवस, पंधरा दिवस, कधी महिनाभर. घरातल्या माणसांची वर्षाची कमाई उघड्यावर असते आणि तिच्यावर ना छप्पर असते ना कुलूप. याच दिवसांत गोंदिया-भंडाऱ्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास वाचायला मिळते : अज्ञात इसमाने धानाच्या पुंजण्याला आग लावली, शेतकऱ्याचे मोठे नुकसान, पोलिसांत गुन्हा दाखल. बातमी तिथे संपते. ज्याचे धान गेले त्याचा प्रश्न मात्र तिथून सुरू होतो. सोसायटीचे कर्ज कशाने फेडायचे? उन्हाळी हंगामाला पैसा कुठून आणायचा? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, जे गेले ते भरून कोण देणार?

हे पुस्तक याच शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधते. मालमत्तेचे नुकसान जेव्हा गुन्ह्यातून होते, तेव्हा ते भरून मिळण्याचे मार्ग कोणते आणि त्यांत विम्याची जागा नेमकी कोणती, हा याचा विषय. शेतकरी, दुकानदार, राईस मिलचा मालक, ट्रॅक्टरवाला, पोलीस पाटील, तंटामुक्त समितीचे सदस्य आणि तालुक्याच्या न्यायालयात नव्याने उभे राहणारे वकील, असे सगळे डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. प्रस्तावनेत विषयाचा आवाका सांगतो, आणि मला जे मनापासून सांगायचे आहे तेही इथेच मांडतो.

ते असे की, गुन्हेगाराला शिक्षा होणे आणि नुकसान भरून मिळणे ही दोन वेगवेगळी खाती आहेत. आपल्याकडे पहिल्या खात्यावर सगळ्यांचे लक्ष असते आणि दुसरे कोरेच राहते. आरोपी सापडला, दोषारोपपत्र गेले, शिक्षाही झाली, तरी शेतकऱ्याच्या हातात एक रुपया येत नाही, हे नेहमीचे चित्र आहे. हे दुसरे खाते भरायचे असेल तर विम्याचा विचार गुन्हा घडण्याआधी करावा लागतो, आणि गुन्हा घडल्यानंतरच्या पहिल्या दिवसापासून कागद त्या दृष्टीने करावे लागतात.

नुकसान केवढे असते ते आधी पाहू. एकरी 15 क्विंटल उतारा धरला तर दोन एकरांच्या पुंजण्यात 30 क्विंटल धान असते. 2025-26 च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला 2,369 रुपये होती. म्हणजे 71,070 रुपये एका रात्रीत राख होतात. शिवाय तणीस जाते, म्हणजे बैलांचा वर्षाचा चारा जातो. शहरात ही रक्कम एखाद्या मोटारसायकलची. दोन एकरवाल्यासाठी तो संपूर्ण हंगाम आहे.

कायद्याने या गुन्ह्याला हलके मानलेले नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेत आग लावून नुकसान करण्याचे कलम 435 होते. इतर मालमत्तेसाठी नुकसान शंभर रुपयांचे असावे लागे, शेतमालासाठी मात्र दहाच रुपये पुरत. शेतात उभा असलेला माल राखता येत नाही, म्हणून त्याला जास्त संरक्षण, हा विचार त्यामागे दिसतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाच गुन्हा कलम 326 (एफ) मध्ये आला. तिथे शेतमालाचा उल्लेख कायम आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद व दंड अशी आहे. घर किंवा माल साठवण्याची जागा पेटवली तर त्याच कलमाच्या पुढच्या उपखंडाप्रमाणे दहा वर्षांपर्यंत किंवा आजन्म कारावास होऊ शकतो. शिक्षेच्या बाजूने कायदा खमका आहे, यात शंका नाही.

भरपाईच्या बाजूला चार दारे आहेत. न्यायालयाचा आदेश, सरकारची मदत, नुकसान करणाऱ्याचा विमा आणि नुकसान झालेल्याचा स्वतःचा विमा. प्रत्येक दार कितपत उघडते ते पाहू.

पहिले दार न्यायालयाचे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 357 आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 395 न्यायालयाला दोन अधिकार देते. दंड ठोठावला असेल तर त्यातला काही भाग किंवा सगळा दंड नुकसान झालेल्याला देता येतो. आणि दंड ठोठावला नसेल तेव्हा आरोपीने अमुक रक्कम भरपाई म्हणून द्यावी, असा स्वतंत्र आदेश करता येतो. हा दुसरा अधिकार फार मोलाचा आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना दंड 50,000 रुपयांपर्यंतच ठोठावता येतो, स्वतंत्र भरपाईला मात्र कायद्याने अशी कमाल मर्यादा घातलेली नाही. 1988 मध्ये हरी सिंग विरुद्ध सुखबीर सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार सढळ हाताने वापरा, असे सांगितले. 2013 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या अंकुश शिवाजी गायकवाड प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले : प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईच्या प्रश्नाचा विचार केलाच पाहिजे आणि भरपाई दिली किंवा नाकारली तर त्याची कारणे लिहिली पाहिजेत. परिवीक्षेवर सोडलेल्या आरोपीकडूनही 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे भरपाई घेता येते.

एवढे असून हे दार क्वचितच पूर्ण उघडते. पुंजणे पेटवणारा बहुतेक वेळा अज्ञातच राहतो. सापडला तर पुराव्याअभावी सुटतो. दोषी ठरला तर त्याच्याकडे द्यायला काही नसते. तो गावातलाच, बांधाच्या किंवा भाऊबंदकीच्या वादातला, त्याच्याही नावावर एकर-दीड एकरच असते. त्यावर कडी म्हणजे, शिक्षेवर अपील होऊ शकत असेल तर दंडातली भरपाई अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील केले तर त्याचा निकाल लागेपर्यंत मिळत नाही. आदेश चांगला असतो, वसुलीत घोडे पेंड खाते. म्हणून एकट्या न्यायालयाच्या आदेशावर विसंबून चालत नाही.

दुसरे दार सरकारचे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खालील पीडित भरपाई योजना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते. आरोपी सापडला नाही तरी तिचा आधार मिळू शकतो, ही तिची मोठी बाजू. पण ती प्रामुख्याने जिवाचे आणि शरीराचे नुकसान डोळ्यांसमोर ठेवून आखली आहे. जळालेले धान, फोडलेले दुकान, पेटवलेली मोटारसायकल तिच्यात बसवणे कठीण. जमावाने केलेल्या नुकसानीसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 51 मध्ये तरतूद आहे. बेकायदा जमावाने मालमत्तेचे नुकसान केले तर जिल्हा दंडाधिकारी चौकशी करून त्या भागातल्या रहिवाशांकडून भरपाई वसूल करू शकतात. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. के. टी. थॉमस आणि फली नरिमन यांच्या समित्यांच्या शिफारशींवरून दंगल आणि बंदमधल्या नुकसानीची जबाबदारी आयोजकांवर टाकणारी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्याआधी 2004 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदल्या वर्षीच्या मुंबई बंदबद्दल शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी 20 लाख रुपये भरायला लावले होते. आपल्या शेजारच्या बालाघाटात, म्हणजे मध्य प्रदेशात, सार्वजनिक आणि खासगी मालमत्तेच्या अशा नुकसानीच्या वसुलीसाठी 2021 साली वेगळा कायदा झाला. ही सगळी व्यवस्था जमावासाठी आहे. रात्रीच्या अंधारात काडी लावणाऱ्या एकट्या माणसाच्या गुन्ह्यात ती काही कामाची नाही.

इथे पीक विम्याचे काय, हा प्रश्न साहजिकच येतो. तिरोड्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांना विमा म्हटले की प्रधानमंत्री पीक विमा योजनाच आठवते. 2016 च्या खरिपापासून सुरू झालेल्या या योजनेत कापणीनंतरच्या नुकसानीलाही संरक्षण ठेवले गेले, पण ते कापून शेतात वाळत घातलेल्या पिकाला, कापणीपासून 14 दिवसांपर्यंत, आणि गारपीट, चक्रीवादळ, अवकाळी पाऊस अशा कारणांसाठी. आगीपैकी वीज पडून नैसर्गिकरीत्या लागलेली आग तिने उभ्या पिकासाठी मानली. मात्र कोणी द्वेषबुद्धीने केलेले नुकसान योजनेच्या बाहेर ठेवले. सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांत तर वगळलेल्या गोष्टींच्या यादीत चोरी आणि शत्रुत्वातून केलेले कृत्य होते, आणि मळणीपूर्वी बांधून एका जागी रचून ठेवलेला शेतमालही होता. तो रचून ठेवलेला माल म्हणजेच आपले पुंजणे. धानपट्ट्यातल्या शेतकऱ्याचा माल ज्या अवस्थेत सर्वांत जास्त धोक्यात असतो, नेमकी तीच अवस्था विम्याच्या कक्षेबाहेर राहिली. बहुतेक शेतकऱ्यांना हे कळते ते दावा फेटाळला गेल्यावर.

तिसरे दार नुकसान करणाऱ्याच्या विम्याचे. एखाद्याने माझे नुकसान केले, त्याचा विमा आहे, तर त्याची विमा कंपनी मला पैसे का देत नाही? उत्तर नुकसान कसे झाले यावर अवलंबून आहे. हेतुपूर्वक केलेल्या गुन्ह्याचा विमा उतरवता येत नाही. मी शेजाऱ्याचे पुंजणे पेटवणार आणि भरपाई माझी कंपनी देणार, असा करार कोणतेही न्यायालय मान्य करणार नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 23 सार्वजनिक धोरणाविरुद्धच्या कराराला मुळातच बाद ठरवते आणि दायित्वाच्या पॉलिसीतही जाणूनबुजून केलेले कृत्य वगळलेले असते. हे योग्यच आहे. नाहीतर हप्ता भरा आणि सूड घ्या, अशी सोय होऊन बसेल. न्यायालयाने ठोठावलेला दंडही कंपनी भरत नाही. तो शिक्षेचा भाग आहे आणि शिक्षा ज्याची त्यानेच भोगायची असते.

हलगर्जीपणाचे तसे नाही. हलगर्जीपणा गुन्हा असू शकतो आणि त्याच वेळी विम्यात बसूही शकतो. वाहनांच्या अपघातात हे आपण रोज पाहतो. तिरोड्यात 3,300 मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, राख वाहून नेणारे बल्कर आहेत, धानाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आहेत. समजा एखादा टिपर भरधाव येऊन रस्त्याकडेच्या दुकानात घुसला. चालकावर न्याय संहितेच्या कलम 281 खाली गुन्हा नोंदेल, कदाचित दंड होईल. दुकानाची भिंत, शटर आणि आतला माल यांची भरपाई मात्र मोटार वाहन अधिनियम, 1988 प्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते आणि ती वाहनाच्या विमा कंपनीने भरायची असते. चालक फौजदारी खटल्यात सुटला म्हणून हा दावा आपोआप बुडत नाही, कारण दोन्हीकडे पुराव्याचे मोजमाप वेगळे असते. दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो, हे मात्र पाठ करून ठेवावे.

यातली एक खाचखळग्याची जागा इथेच दाखवून देतो. तृतीय पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी सर्वसाधारण पॉलिसीत दुचाकीला 1 लाख रुपयांपर्यंत आणि इतर वाहनांना साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते. पण हप्त्यात थोडी सवलत घेऊन ही मर्यादा फक्त 6,000 रुपयांवर आणता येते. अनेक वाहनमालक एजंट सांगेल तिथे सही करतात आणि आपण काय सोडले ते त्यांना ठाऊकही नसते. शंभर-दोनशे रुपये वाचतात. अपघात झाला की दुकानदाराला सहा हजारांपलीकडची रक्कम थेट मालकाकडून वसूल करावी लागते आणि मालक आयुष्यभराच्या कर्जात जातो. आपली पॉलिसी काढून तृतीय पक्ष मालमत्ता नुकसानीपुढचा आकडा आजच वाचावा. ट्रॅक्टर असेल तर ट्रॉलीचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे का, तेही पाहावे. विम्याशिवाय वाहन चालवणे हा तर स्वतंत्र गुन्हाच आहे.

आगीच्या बाबतीतही हलगर्जीपणा आणि हेतू यांत फरक करायला हवा. बांध साफ करताना लावलेली आग वाऱ्याने शेजारच्या पुंजण्यापर्यंत पोहोचते, चुरणीच्या मशीनची ठिणगी तणसावर पडते. हे सुडाचे गुन्हे नाहीत. तत्त्वतः अशा दायित्वाचा विमा देता येतो आणि तो द्यायला हवा. व्यवहारात तालुक्यातल्या शेतकऱ्याला असे संरक्षण कोणी देऊ करत नाही, आणि मागायची सवय त्यालाही नाही.

चौथे दार स्वतःच्या विम्याचे. हेतुपूर्वक केलेल्या गुन्ह्यात भरवशाचे दार हेच, कारण त्याला आरोपीची गरज नाही. कोणी केले, सापडला का, दोषी ठरला का, याची वाट न पाहता कंपनी पैसे देते. विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून तीन प्रमाणित पॉलिसी आणल्या : घरांसाठी भारत गृह रक्षा, 5 कोटींपर्यंतच्या व्यवसायासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि 5 ते 50 कोटींसाठी भारत लघु उद्यम सुरक्षा. दंगल, संप आणि द्वेषबुद्धीने केलेले नुकसान यांत येते. आग किंवा दंगलीसारख्या घटनेपाठोपाठ सात दिवसांत झालेली चोरीही येते. गृह रक्षात घराची विमा रक्कम कमी पडली तरी त्या प्रमाणात दावा कापला जात नाही आणि उद्यम पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ असते. राईस मिल, किराणा दुकान, कृषी केंद्र, कापडाचे दुकान यांच्यासाठी या पॉलिसी सहज परवडण्याजोग्या आहेत. तरी अनेकांचा विमा बँकेने कर्जासाठी काढायला लावलेला आणि कर्जाच्या रकमेपुरताच असतो. मालकाचा स्वतःचा पैसा त्यात बसतच नाही. मोटारसायकल किंवा कार पेटवली गेली तर फक्त तृतीय पक्ष विमा असलेल्याला काहीच मिळत नाही. स्वतःच्या नुकसानीचे संरक्षणही असलेली पॉलिसी असेल तर मिळते.

आपल्या भागात आणखी एक धोका लक्षात ठेवावा लागतो. 1 मे 2019 रोजी शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याजवळ दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने पेटवली. अशा वेळी हे द्वेषपूर्ण नुकसान की दहशतवादी कृत्य, यावर दावा अडतो. दहशतवादासाठी 2002 पासून विमा कंपन्यांचा एकत्रित निधी आहे आणि त्याचे संरक्षण अनेक पॉलिसींत वेगळे मागून घ्यावे लागते. यंत्रे लावणाऱ्या कंत्राटदाराने ते घेतले आहे की नाही, हे काम सुरू करण्याआधी तपासावे.

आता या चारही दारांचा एकमेकांशी संबंध. कंपनीने पैसे दिले म्हणजे आरोपी सुटला असे होत नाही. दिलेल्या रकमेपुरती कंपनी नुकसान झालेल्याच्या जागी उभी राहते आणि त्या रकमेची वसुली आरोपीकडून करू शकते. हे तत्त्व आपल्याकडे जुनेच आहे आणि 2010 च्या इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते सविस्तर मांडले. नुकसान झालेल्याला एकच नुकसान दोनदा भरून मागता येत नाही. पण कंपनीने कापलेली रक्कम, पॉलिसीत न बसलेला माल, मर्यादेपलीकडचे नुकसान याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. फौजदारी न्यायालयाने दिलेली भरपाई पुढच्या दिवाणी दाव्यात वजा धरली जाते, असे कलम 395 च स्पष्ट सांगते.

याच गुंत्याचा विचार इतरत्र कसा झाला, ते पाहणे उपयोगाचे आहे. कॅलिफोर्नियात फौजदारी न्यायालये आरोपीला भरपाईचा आदेश नेहमीच देतात. 1999 च्या बर्केट प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पीडिताने स्वतःच्या विम्यातून पैसे घेतले असले तरी आरोपीची जबाबदारी कमी होत नाही. पीडिताने भरलेल्या हप्त्यांचा फायदा आरोपीला का मिळावा? 2002 च्या बर्नाल प्रकरणात दुसरी बाजू पुढे आली. तिथे आरोपीच्याच वाहन विमा कंपनीने पीडिताशी समझोता करून पैसे दिले होते. न्यायालयाने ती रक्कम आरोपीने दिल्यासारखी मानली, कारण हप्ता त्याने भरला होता. मात्र कंपनीबरोबर समझोत्यावर सही झाली म्हणून भरपाईचा फौजदारी आदेश संपूर्ण टळत नाही, हेही सांगितले. हप्ता कोणी भरला ते पाहा आणि मग हिशेब करा, हे साधे सूत्र आपल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेही मांडण्याजोगे आहे.

यापुढचा भाग कागदांचा. खरे तर सगळे प्रकरण तिथेच जिंकले किंवा हरले जाते. जळालेल्या पुंजण्याचा पंचनामा कसा होतो ते जवळून पाहा. गट क्रमांक, चतुःसीमा, राखेचा ढीग, जवळून वीजतार जाते की नाही, पंचांच्या सह्या. आणि शेवटी एक ओळ : अंदाजे अमुक हजारांचे नुकसान. हा 'अंदाजे' पुढे सगळीकडे आडवा येतो. सरकारी वकिलाला भरपाई मागायला आकडा सापडत नाही, विमा कंपनीचा सर्व्हेअर आकडा मान्य करत नाही, न्यायालयाला आदेशात लिहायला आधार राहत नाही. त्याऐवजी त्याच दिवशी चार गोष्टी पंचनाम्यात याव्यात : किती क्षेत्राचे धान होते, वाण कोणता, पुंजण्याची लांबी-रुंदी राखेच्या खुणेवरून किती, आणि न जळालेल्या कडेचे धान पोत्यात भरून ठेवले का. सोबत सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, मागच्या वर्षीची धान खरेदी केंद्राची पावती आणि तारीख दिसेल असे फोटो जोडले की अंदाजाचा पुरावा होतो. कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि कळवल्याची पोच घ्यावी. ठाणेदारांना भेटायला चार माणसे जातात, त्यांतल्या एकाने तरी हे कागद पाहावेत.

जप्त वाहनांबाबतही असेच. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जप्त मालमत्ता ठाण्याच्या आवारात सडू देऊ नका, छायाचित्रे आणि पंचनामा करून लवकर सोडा आणि विमा कंपनीलाही कळवा, असे सांगितले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी दिवसांची मुदतही आली आहे. तरी ठाण्याबाहेर गंजलेली वाहने आपण सगळेच पाहतो. चोरीचे वाहन लवकर परत मिळाले तर दाव्याची रक्कम कमी होते आणि मालकाचे कामही अडत नाही.

तडजोडीबद्दल एक सावधगिरी. 15 ऑगस्ट 2007 पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातले कितीतरी वाद गावात मिटवले. किरकोळ नुकसानीचे गुन्हे आपसात मिटवता येतात. आग लावण्याचा गुन्हा मात्र तसा मिटवता येत नाही. त्याच्यासाठी आरोपीने गुन्हा कबूल करून शिक्षेबाबत वाटाघाट करण्याची तरतूद आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे तिच्यात येतात आणि भरपाई हा तिचा अधिकृत भाग असतो. पुंजण्याच्या प्रकरणांत ही वाट वापरण्यासारखी आहे. पण कोणतीही तडजोड करताना विम्याचा दावा चालू असेल तर आता एकमेकांचे काही घेणे-देणे राहिले नाही, अशा वाक्याखाली सही करू नये. आरोपीवरचा हक्क सोडला की कंपनीचा वसुलीचा हक्कही जातो, आणि कंपनी दावा नाकारायला तेच कारण पुढे करते. आधी कंपनीला कळवावे, मगच समेट करावा. कंपनीने अन्यायाने दावा फेटाळला तर 50 लाखांपर्यंत विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहेच.

पुढच्या प्रकरणांत हे सगळे पायरीपायरीने येईल. पहिल्या भागात गुन्ह्यांची कलमे आणि न्यायालयाचे भरपाईचे अधिकार, दुसऱ्यात पॉलिसी वाचायची रीत, तिसऱ्यात वाहन अपघातातले मालमत्तेचे दावे, चौथ्यात अर्ज आणि पंचनाम्याचे नमुने. वाचकाने क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे त्याने आधी चौथा भाग उघडावा.

शेवटी काही मागण्या, कारण केवळ माहिती देऊन या विषयाचा शेवट करणे मला पटत नाही. पीक विमा योजनेने धानपट्ट्यातल्या जिल्ह्यांसाठी तरी कापणीपासून चुरणीपर्यंतचा काळ, आगीसह आणि द्वेषपूर्ण कृत्यासह, संरक्षणात घ्यावा. शेतकरी स्वतः आग लावेल ही भीती असेल, तर गुन्हा नोंद आणि तलाठ्याची पाहणी अशी अट घालावी. तोवर सेवा सहकारी संस्थांनी सभासदांच्या पुंजण्यांसाठी सामूहिक आगीची पॉलिसी मागावी. शंभर सभासद एकत्र आले तर कंपनीला बोलणी करावीच लागतात. पोलिसांच्या पंचनाम्यात मालाच्या मोजमापाचा आणि विम्याचा रकाना असावा. सरकारी वकिलांनी प्रत्येक दोषसिद्धीच्या वेळी भरपाईचा अर्ज द्यावा आणि न्यायालयाने अंकुश गायकवाड निकालाप्रमाणे त्यावर कारणे लिहावीत. यातल्या पहिल्या मागणीसाठी दिल्लीत निर्णय व्हावा लागेल. बाकीच्या तीन तिरोड्यात, याच हंगामात सुरू करता येतील.

आग लावणाऱ्याला सात वर्षांची कैद झाली तरी शेतकऱ्याच्या घरात त्या वर्षी धान येत नाही. ते आणण्याची व्यवस्था कायद्यात आहे, विम्यात आहे, आपल्या हातातल्या कागदांत आहे. ती जोडायची कशी, हे सांगण्यासाठी हे पुस्तक आहे. ज्यांचे धान अजून शाबूत आहे त्यांनी ते आधी वाचावे.